आजीच्या केसांना इस्त्री लावण्यापूर्वी

लग्नसराई सुरू झाली की माझ्या दवाखान्यात ठरावीक प्रकारचे रुग्ण वाढतात. उन्हाने भोवळ आलेले, पंगतीतील जेवणाने पोट बिघडलेले, आणि गेल्या काही वर्षांपासून त्यांत आणखी एका प्रकाराची भर पडली आहे. कानाच्या पाळीवर, मानेवर किंवा कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचा लाल पट्टा उमटलेल्या स्त्रिया. पट्टा सरळ, कडा स्वच्छ, रुंदी जवळजवळ सारखी. एकदोनदा पाहिल्यावर कारण विचारावे लागत नाही. केस सरळ करण्याची जी चपटी विजेची इस्त्री, जिला मुली स्ट्रेटनर म्हणतात, तिचाच तो ठसा असतो. तिने केस सरळ करतात तसेच, मनगटाला एक वळण देऊन, कुरळेही करता येतात. मोबाइलवर पाहून मौद्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या मुली ती कला घरीच शिकल्या आहेत.

या पट्ट्यांपैकी बहुतेक तरुण मुलींचे असतात व आठवड्याभरात बरे होतात. आजचा लेख त्यांच्यासाठी नाही. तो आपल्यासाठी आहे, म्हणजे साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांसाठी आणि त्यांची देखभाल करणाऱ्या लेकी, सुना, नातींसाठी. कारण घरात ती इस्त्री आली की आज ना उद्या नात म्हणतेच, "आजी, बस ना, तुझेही केस करून देते."

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आजींनी केस कुरळे करून घेण्यात वैद्यकीयदृष्ट्या गैर असे काही नाही. "या वयात कशाला हे सोंग" असे म्हणणारे नातेवाईक माझ्यासमोर बसतात, तेव्हा मला आपल्या समाजाचा फार जुना नसलेला इतिहास आठवतो. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरविले. म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर केस असावेत की नाही, हे दुसऱ्यांनी ठरविण्याचा तो काळ होता. आज एखादी सत्तर वर्षांची बाई लग्नाला जाण्यापूर्वी आरशात पाहून "मागून थोडे वळव गं" म्हणते, तर तिच्या डॉक्टरला त्यात आनंदच आहे. दीर्घ आजारानंतर रुग्णाला पुन्हा केस विंचरून घ्यावेसे वाटणे, हे प्रकृती सुधारत असल्याचे मी मानतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो एका रुग्णाच्या हकिकतीनेच सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कन्हान नदीकाठच्या एका गावातून एक आजी नातीबरोबर आल्या. वय बहात्तर. नात महाविद्यालयात शिकणारी, चेहरा रडवेला. दोन दिवसांपूर्वी घरच्या लग्नासाठी तिने आजींचे केस कुरळे करून दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींच्या डाव्या कानाच्या पाळीवर आणि कानामागे मोठा फोड दिसला. नात पुन्हा पुन्हा सांगत होती, "सर, मी दर वेळी विचारत होते, आजी, पोळलं का? ती नाहीच म्हणायची." मी आजींकडे पाहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "खरंच सांगते डॉक्टर साहेब, मले त काही समजलंच नाही. पोरीनं आरसा दाखवला तवा समजलं."

घरच्यांना हे वाक्य आजींच्या सहनशीलतेचे लक्षण वाटले. मला ते निराळ्या कारणाने खटकले. दोनशे अंशांच्या जवळपास तापलेली पट्टी कानाच्या पाळीला टेकते आणि माणूस मान हलवीत नाही, ही सहनशीलता नव्हे. निरोगी त्वचेला चटका बसला की हात-मान मागे घेण्याची क्रिया विचार करण्याआधीच होते. ती थांबविणे आपल्या हाती नसते. ती झाली नाही, याचा अर्थ त्या जागेतून निरोपच गेला नाही.

मी आजींना डोळे मिटायला सांगितले व कापसाची वात करून तिचे टोक त्यांच्या चेहऱ्याला, मानेला, कानाला अलगद लावत गेलो. उजव्या बाजूला प्रत्येक स्पर्शाला त्या "हो" म्हणाल्या. डाव्या पाळीवर आणि जबड्याच्या कोपऱ्यावर काहीच नाही. मान उजवीकडे वळविल्यावर डाव्या कानाखाली दोरीसारखी जाड झालेली नस उठून दिसली, हातालाही लागली. पुढे अग्रबाहूवर एक फिकट, गुळगुळीत, घाम न येणारा डाग सापडला. तो "गजकर्ण असंल" म्हणून तीन वर्षे मलम लावण्यात गेली होती. आजींना कुष्ठरोग होता. इस्त्रीने तो दिला नव्हता. इस्त्रीने फक्त तो उघड केला.

हा शब्द ऐकून नातीच्या वडिलांनी खुर्ची दोन बोटे मागे सरकवली. ती मला दिसली. विदर्भाला हा आजार अपरिचित नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे 1936 मध्ये मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठसेवेचे काम सुरू केले, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले, वरोऱ्याला बाबा आमटे यांनी आनंदवन. एवढी मोठी परंपरा असलेल्या या प्रदेशात अजूनही ताटवाटी वेगळी करण्याचा विचार प्रथम येतो, याचे मला वाईट वाटते. म्हणून त्या दिवशी मी जे त्यांना सांगितले, तेच येथे लिहितो. हा जंतूंमुळे होणारा, पूर्ण बरा होणारा आजार आहे. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात व प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग लवकरच थांबतो. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूंना तोंड देण्याची शक्ती जन्मतःच असते. ताट वेगळे करण्याची, अंथरूण वेगळे करण्याची गरज नाही. घरातील इतरांची एकदा तपासणी मात्र करून घ्यावी. 2005 च्या अखेरीस देशपातळीवर दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, असे उद्दिष्ट आपण गाठले. पण देशाची सरासरी म्हणजे प्रत्येक गाव नव्हे, आणि पूर्व विदर्भात काम करणाऱ्या डॉक्टरने ते विसरून चालत नाही.

आपल्यापैकी कोणी घाबरून जाऊ नये म्हणून लगेच सांगतो, की न समजता भाजण्याचे कारण बहुतेक वेळा कुष्ठरोग नसते. उतारवयात त्वचा पातळ होते, वेदनेची जाणीव थोडी मंदावते आणि जाणवल्यावर मान बाजूला घेण्यासही अधिक क्षण लागतात. पक्षाघात होऊन गेलेल्यांची चेहऱ्याची एक बाजू बधिर राहिलेली असू शकते. चेहऱ्यावर किंवा मानेवर नागीण उठून गेलेली असेल तर त्या पट्ट्यात कधी स्पर्शही सहन होत नाही, तर कधी काहीच कळत नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात बधिरपणा पायांपासून सुरू होतो व पुढे हाताच्या बोटांपर्यंत येतो. अशा आजी स्वतः इस्त्री हाती घेतात, बोट लावून "तापली का" पाहतात, आणि बोटाच्या टोकांवर फोड घेऊन येतात. जेथे पोळते तेथील वेदना ही आपली पहारेकरीण असते. ती झोपली असेल तर दुसऱ्या कोणीतरी जागे राहायला हवे.

म्हणून इस्त्रीची वायर भिंतीला लावण्यापूर्वी पाच मिनिटे द्या. आजींना स्वच्छ उजेडात बसवा, डोळे मिटायला सांगा, कापसाच्या वातीने कपाळ, दोन्ही गाल, जबड्याचा कोपरा, कानाची पाळी, कानामागील भाग आणि मान यांना हलकेच स्पर्श करा आणि प्रत्येक वेळी "हो" म्हणायला सांगा. मधूनच न स्पर्श करताही थांबा, म्हणजे अंदाजाने दिलेली उत्तरे कळतात. नंतर स्टीलचे दोन पेले घ्या, एकात माठातले पाणी, दुसऱ्यात कोमट, आणि पेल्याची बाहेरची बाजू त्याच जागांवर टेकवून गार की कोमट ते विचारा. दोन्ही बाजूंची उत्तरे सारखी यायला हवीत. एखादी जागा गप्प राहिली, तर त्या दिवशी त्या बाजूला इस्त्री नको, आणि आठवड्याभरात डॉक्टरांची भेट हवी. याने निदान होत नाही. कोणत्या बाजूला विचारत बसण्यात अर्थ नाही, एवढे मात्र कळते. त्या नातीने विचारण्यात कसूर केली नव्हती. तिने विचारले होते ज्या कानाला, त्याला उत्तर देता येत नव्हते.

आता केसांविषयी. केस कुरळे होतात कसे, हे समजले की अर्धी सावधगिरी आपोआप येते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनाच्या साखळ्यांना धरून ठेवणारे बंध दोन तऱ्हेचे. गंधकाचे बंध पक्के. ते साध्या उष्णतेने सुटत नाहीत, पार्लरमध्ये पर्मिंग करताना रसायनाने सोडवावे लागतात. दुसरे हायड्रोजनचे बंध कच्चे. पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात व केस वाळताना किंवा गार होताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. इस्त्रीने कुरळे करणे म्हणजे हे कच्चे बंध सोडवून नव्या वळणात जुळविणे. यातून दोन गोष्टी निघतात. कुरळेपणा टिकतो तो इस्त्रीत नव्हे, इस्त्रीतून सुटल्यानंतर गार होताना. म्हणून तापलेली बट लगेच मोकळी न सोडता तळहातावर गुंडाळून, हवे तर क्लिप लावून, गार होऊ द्यावी; मग कमी तापमानातही वळण धरते. आणि पावसाळ्यात, हवेत ओलावा असताना, ते वळण दोन तासांत उतरते, त्यात इस्त्रीचा दोष नसतो. "टिकत नाही" म्हणून आकडा वाढवत नेणे व्यर्थ आहे.

पांढरा केस वयानुसार अनेकदा बारीक आणि कोरडा झालेला असतो. त्याला दीडशे अंशांच्या आसपासचे तापमान पुरते. एकशे ऐंशीच्या वर जाण्याचे कारण नाही. सव्वादोनशेच्या पुढे केराटिनचीच रचना मोडू लागते आणि ती परत येत नाही. काही स्वस्त इस्त्र्यांवर आकडेच नसतात, एकच लाल दिवा असतो. त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती उपयोगी पडते. 1870 च्या दशकात पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो या केशरचनाकाराने तापलेल्या चिमट्याने लाटांसारखे केस करण्याची पद्धत रूढ केली. त्या काळी चिमटे शेगडीवर तापत. केसांना लावण्यापूर्वी ते कागदावर टेकवून पाहण्याची रीत होती; कागद करपला तर चिमटा थांबवायचा. आजही पांढरा टिश्यू पेपर पाच सेकंद दाबून पाहावा. पिवळा पडला, तर ती इस्त्री आजींच्या केसांसाठी नाही.

ओल्या केसांना इस्त्री लावू नये, हे सर्वांना ऐकून माहीत असते, कारण मात्र ठाऊक नसते. केसाच्या आत शिरलेल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या बुडबुड्यांचे वर्णन 1986 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. असा केस त्या ठिकाणी तुटतो. "चर्र" असा आवाज आला की थांबावे. आपल्याकडे तर उन्हाळी लग्नांत, पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना, केस वरून वाळलेले आणि मुळाशी घामाने ओले असतात. कूलरसमोर दहा मिनिटे बसवून मगच सुरुवात करावी. तेलाचेही तेच. आजींच्या केसांना रोज तेल असते व असावे. खोबरेल तेल केस धुण्यापूर्वी लावले तर केसातील प्रथिनांची झीज कमी होते, असे अभ्यासही आहेत. पण तेल लावलेल्या केसांवर तापलेली इस्त्री म्हणजे कढईच. तेल गरम होऊन टाळूपर्यंत उतरते. आदल्या दिवशी केस धुऊन, कोरडे करून, तेल न लावता ठेवावेत; कार्यक्रम झाल्यावर हवे तेवढे चोपडावे.

प्रत्यक्ष करताना आजींना पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसवावे. स्टुलावर नको, पलंगाच्या कडेवर नको. कानातील कुड्या, बुगडी, धातूच्या काड्यांचा चष्मा, गळ्यातील साखळी काढून ठेवावी. धातू क्षणात तापतो. श्रवणयंत्र आवर्जून काढावे, आणि ते काढल्यावर आजींना आपले बोलणे ऐकू येत नाही हे विसरू नये. प्रश्न समोर येऊन, ओठ दिसतील असे विचारावेत. खांद्यावर आणि कानांवर सुती पंचाची घडी ठेवावी. नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा पदर नको, तो वितळून त्वचेला चिकटतो. बट बोटभर जाडीचीच घ्यावी. टाळूपासून निदान चार बोटे अंतर सोडून इस्त्रीत पकडावी, चेहऱ्याच्या उलट दिशेला अर्धे वळण द्यावे आणि न थांबता हळूहळू टोकापर्यंत ओढत न्यावे. एका बटेवरून एकदाच, फार तर दोनदा. विरळ झालेल्या केसांत टाळू दिसत असेल तर मधे जाड कंगवा धरावा. आजींना मधे मधे मान फिरविण्याची विश्रांती द्यावी आणि उठताना आधी पाय हलवून, मिनिटभर थांबून उभे करावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना अर्धा तास बसून एकदम उठल्यावर भोवळ येते, आणि पडून मोडलेला खुबा हा भाजलेल्या कानापेक्षा फार महाग पडतो.

मानेचा उल्लेख आला म्हणून एक अवांतर. पार्लरमध्ये केस धुण्यासाठी मान मागे टाकून बेसिनवर ठेवतात. 1993 मध्ये अमेरिकेतील एका मज्जाविकारतज्ज्ञाने अशा प्रकारे मान मागे झुकल्यानंतर मेंदूच्या रक्तपुरवठ्याला बाधा आलेल्या पाच स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. प्रकार विरळा आहे, पण मणक्याचा त्रास असलेल्या आजींचे केस घरी, पुढे वाकवून किंवा सरळ बसवून धुतलेले बरे. त्या दृष्टीने घरी केस करणे पार्लरपेक्षा सुरक्षितही ठरते.

विजेबाबत थोडेसे. मौद्याला 2320 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र असले तरी वादळी पावसात फांदी तारेवर पडली की आपल्याकडेही वीज जातेच. अशा वेळी इस्त्री तशीच गादीवर ठेवून सगळे मंडपाकडे निघतात. तासाभराने वीज परत येते, खोलीत कोणी नसते, आणि इस्त्री तापू लागते. वीज गेली की प्रथम बटण बंद करून पिन ओढावी. काम संपल्यावरही इस्त्री पंधरा-वीस मिनिटे गरम असते. ती लादीवर, भिंतीकडे, रांगत्या पोराच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

काही घरांत मात्र ही इस्त्री आजींजवळ आणूच नये. घरी ऑक्सिजन लावलेला असेल तेथे तर मुळीच नाही. ऑक्सिजन कपड्यांत, केसांत, पांघरुणात साचून राहतो आणि त्यात ठिणगीसुद्धा भडका घेते. केसांवर मारायचा स्प्रेही तेथे नको. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती अकस्मात मान फिरवतात किंवा हात वर नेतात. समोरची वस्तू कसली आहे हे त्यांना क्षणभर कळत नाही. त्यांच्यासाठी, आणि थरथरणाऱ्या हातांनी स्वतःच केस करू पाहणाऱ्या आजींसाठीही, बिनविजेची जुनी पद्धत अतिशय चांगली आहे. संध्याकाळी केस किंचित ओलसर करून त्यांच्या सैल वेण्या घालाव्यात, किंवा जुन्या सुती साडीच्या चिंध्यांवर बटा गुंडाळून गाठ मारावी, आणि सकाळी सोडावे. कच्चे बंध पाण्याने सुटतात व वाळताना जुळतात, हे वर सांगितलेच; येथे इस्त्रीचे काम रात्र करते.

केसांना "केराटिन ट्रीटमेंट" या नावाने जी क्रीम लावून वरून इस्त्री फिरवतात, तिच्यापासून वृद्धांनी, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी दूर राहावे. ग्लायॉक्सिलिक आम्ल असलेल्या अशा क्रीमनंतर एका तरुण स्त्रीच्या मूत्रपिंडांना तीन वेळा इजा झाल्याची नोंद फ्रान्समधील डॉक्टरांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केली आहे. तो स्वतंत्र विषय आहे, पुन्हा केव्हातरी.

सर्व काळजी घेऊनही चटका बसला तर काय करावे? निरोगी त्वचेलाही 60 अंशांची वस्तू पाचेक सेकंदांत खोल भाजते. इस्त्री त्याच्या तिप्पट तापलेली असते, तेव्हा "नुसती टेकली" याला अर्थ नाही. ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे. घड्याळ लावून वीस. दोन मिनिटांनी बरे वाटले म्हणून थांबायचे नाही. येथे आपल्या भागातील एक अडचण लक्षात ठेवा. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरील टाकीचे पाणी स्वतःच गरम असते. नळ सोडून माठातले पाणी पेल्याने संथपणे ओतत राहावे. कान किंवा मान असेल तर त्याच पाण्यात भिजवलेला स्वच्छ रुमाल ठेवून सतत बदलावा. बर्फ लावू नये, त्याने आधीच दुखावलेली त्वचा आणखी मरते. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बटाट्याचा कीस, यांपैकी काहीही नको. ही सर्व मी कानांवर लावलेली पाहिली आहेत, आणि ती खरवडून काढताना रुग्णाला भाजण्याहून अधिक त्रास होतो. फोड फोडू नये. स्वच्छ, ओलसर, न चिकटणाऱ्या कापडाने झाकून दवाखाना गाठावा. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवत नसेल, तर तसे सांगावे.

दवाखान्यात कोणी यावेच? मधुमेही व्यक्ती, डोळ्याच्या पापणीजवळचा चटका, कानाच्या कूर्चेवरचा चटका (तेथे जंतू शिरले तर कान वेडावाकडा होतो), तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा भाग, पांढरट चामड्यासारखी झालेली जागा, दोन दिवसांनी वाढत जाणारी लाली किंवा ताप. आणि या सर्वांच्या वर, न दुखणारा चटका. जखम खोल असेल तर त्वचेतील संवेदनेची टोकेच जळालेली असतात, म्हणून दुखत नाही. जखम उथळ असूनही दुखत नसेल, तर ती त्वचा आधीच बधिर होती. दोन्ही कारणांसाठी डॉक्टरांनी पाहणे आवश्यक आहे. "दुखत नाही ना, मग कशाला जायचे" हे वाक्य येथे नेमके उलटे वाचावे.

केस करताना हाताला आणखीही काही कळते. केवळ विंचरल्याने टाळू दुखत असेल, सोबत नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे किंवा नजर अंधुक होणे असेल, तर रक्तवाहिनीच्या दाहाची शंका घ्यावी लागते. तो आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे, पण नजर वाचविण्यासाठी त्याच दिवशी तपासणी हवी. आजींच्या डोक्याला महिनोन्महिने कोणाचा हात लागत नाही अशी घरे मी पाहतो. तेल लावणारा, केस करणारा हात बरेच काही वेळेवर शोधून काढतो.

त्या आजींनी बारा महिन्यांची औषधे एकही पाकीट न चुकवता घेतली. औषधाने त्वचेचा रंग थोडा काळवंडतो याची त्यांना आगाऊ कल्पना दिली होती, त्या म्हणाल्या, "आता कोणते फोटो काढाचे हायेत." घरातल्या सर्वांची तपासणी झाली, कोणालाही काही निघाले नाही. वडिलांची खुर्ची पुढच्या भेटीत जागेवर होती. कानाचा फोड दीड महिन्यात भरून आला, पाळीवर छोटा पांढरट व्रण राहिला. पाळीची संवेदना पूर्णपणे परतली नाही. नसेला झालेली इजा उशिरा सापडली की असे होते. तीन वर्षे तो डाग मलमावर काढली नसती, तर कदाचित परतलीही असती.

गेल्या महिन्यात त्या नेहमीच्या तपासणीला आल्या. तुळशीच्या लग्नानंतर धाकट्या नातीचे लग्न ठरले आहे. मी चिंध्यांची पद्धत सुचविली. आजी हसल्या. "चिंध्यांचे केस त आम्ही लहानपणीच केले, डॉक्टर साहेब. मले मशीनचेच पायजे." मग आम्ही तिघांनी मिळून ठरविले. इस्त्री दीडशेवर. उजवी बाजू नेहमीसारखी. डाव्या कानावर पंचाची दुहेरी घडी, आणि त्या बाजूच्या बटा खांद्याखाली उतरल्यावरच इस्त्रीत घ्यायच्या. वरचे केस मोकळे. नातीने वहीत लिहून घेतले आणि विचारले, "सर, मग दोन्ही बाजू सारख्या कशा दिसतील?" मला त्याचे उत्तर देता आले नाही. आजींनी दिले. म्हणाल्या, "डाव्या बाजूले गजरा लावू ना."